ॲटोर्वास्टॅटिन की रोझुवास्टॅटिन : ताटाच्या बाजूने एक विचार

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या या दोनपैकी कोणतीही गोळी चालेल असे सांगितले की निवड बहुधा किमतीवर सोडली जाते. मला मात्र ती खाण्यापिण्याकडे पाहून करावीशी वाटली.

एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल उतरवण्यात दोन्ही गोळ्या तयारीच्या आहेत. तितक्याच मिलिग्रॅममध्ये रोझुवास्टॅटिन थोडी अधिक काम करते, पण तो फरक मात्रेने भरून काढता येतो. दोन्ही शरीरात बराच काळ टिकत असल्यामुळे जेवणाआधी की नंतर, सकाळी की रात्री, हा प्रश्नही फारसा उरत नाही. रात्रीच घेण्याचा दंडक मुख्यतः याच कुळातल्या सिमव्हास्टॅटिनचा.

माझी अडचण पपनसाची होती. आमच्या सिंधुदुर्गात गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, पपनस बांधतात, आणि नंतर त्याची बोटभर जाड साल काढून, फोडींवरचा कडू पापुद्रा सोलून, गुलाबी गर मीठ-तिखट लावून घरभर खाल्ला जातो. ग्रेपफ्रूट हा याच पपनसाचा आणि संत्र्याचा संकर. दोन्ही फळांत फ्युरानोकूमारिन नावाची द्रव्ये असतात आणि ती आतड्यातील सीवायपी 3ए4 हे औषधे मोडणारे विकर (एन्झाइम) निकामी करतात. ॲटोर्वास्टॅटिन त्याच विकराकडून मोडली जात असल्यामुळे तिचा अधिक अंश रक्तात उतरू शकतो आणि स्नायूदुखीसारख्या त्रासाची शक्यता वाढते. मला सर्वांत खटकले ते हे, की सकाळी फळ आणि रात्री गोळी असे अंतर ठेवूनही हा पेच सुटत नाही. नवे विकर तयार व्हायला दिवस-दोन दिवस जातात. माहितीपत्रकातील इशारा दिवसाला 1.2 लिटरहून अधिक ग्रेपफ्रूटच्या रसाबद्दल आहे, त्यामुळे एखाद्या फोडीने आभाळ कोसळत नाही हे मान्य. पण चतुर्थीच्या दिवसांत फोडी मोजत कोण बसतो? मोसंबी आणि नागपुरी संत्री यांना हे पथ्य लागू नाही.

रोझुवास्टॅटिनचा या विकराशी संबंध नगण्य आहे. तिचे वैर आम्लपित्तावरच्या पांढऱ्या पातळ औषधाशी. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असलेले ते औषध गोळीबरोबरच घेतले, तर तिचे रक्तातील प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. परंतु गोळीनंतर दोन तास थांबले की हे भांडण मिटते, आणि तिखट जेवणाच्या रात्री तेवढा धीर मला धरता येतो. हे अंतर माझ्या आवाक्यातले वाटले, म्हणून डॉक्टरांच्या संमतीने मी रोझुवास्टॅटिन घेतो; पपनसाच्या दिवसांतही गोळीची आठवण काढावी लागली नाही.

अर्थात मूत्रपिंड बरेच दुबळे असेल, तर रोझुवास्टॅटिनची मात्रा आवरती ठेवावी लागते, ॲटोर्वास्टॅटिनची सहसा नाही. शिवाय आशियाई लोकांच्या रक्तात रोझुवास्टॅटिन अधिक प्रमाणात साठते, म्हणून सुरुवात अनेकदा 5 मिलिग्रॅमने करतात. मूत्रपिंडाचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा अहवाल बरा नसेल आणि पपनसाचा मोहही नसेल, तर ॲटोर्वास्टॅटिनच बरी म्हणावी लागेल.