समुद्रावरचा माल मोजणारी व्यवस्था: एका माहिती तंत्रज्ञान सेवेचे परीक्षण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, कास्टिंगचे मशीनिंग करणारा मध्यम आकाराचा कारखाना आहे. तयार मालापैकी निम्म्याहून अधिक माल न्हावा शेवा बंदरातून जर्मनी आणि अमेरिकेतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातो. २०२२ साली ईआरपी (साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली), परदेशी ग्राहकांशी होणारी ईडीआय देवाणघेवाण (ठरलेल्या नमुन्यातील संदेश संगणकाकडून थेट संगणकाकडे), ई-मेल, बॅकअप आणि सायबर सुरक्षा ही सगळी जबाबदारी आम्ही एका सेवा कंपनीकडे तीन वर्षांच्या करारावर सोपवली. तो करार आता संपत आला असून, नूतनीकरणाचा निर्णय घेताना जे हिशेब मांडले तेच येथे देत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या चुकांपैकी काही आमच्याही आहेत.

आधीची आमची व्यवस्था कोल्हापुरातील बहुतेक कारखान्यांसारखीच होती. हिशेब टॅलीत, डिस्पॅच एक्सेलमध्ये आणि उरलेले सगळे स्टोअरकीपरच्या डोक्यात. प्रत्येक ग्राहकाचे पोर्टल वेगळे, त्याचा पासवर्ड वेगळा आणि तो पासवर्ड माहीत असलेला माणूस नेमका त्या दिवशी रजेवर. सेवा कंपनीने पहिल्या चार महिन्यांत हा पसारा आवरला, हे मान्य केले पाहिजे. जर्मन ग्राहकाचे ‘डेलफॉर’ आणि अमेरिकन ग्राहकाचे ‘८३०’ हे दोन्ही ईडीआय नमुन्यांतील मागणी-संदेश आता थेट ईआरपीत उतरतात, आणि कंटेनर सुटला की मालाची आगाऊ सूचना आपोआप उलट दिशेने जाते. पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक झाले, तेव्हा निर्यातीची बिलेही त्यात आणण्याचे काम त्यांनी आठवडाभर आधीच पूर्ण केले होते.

खरी परीक्षा झाली ती मात्र एकत्रित नगसंख्येच्या बाबतीत. ईडीआयने मागणी पाठवणाऱ्या ग्राहकाचे वेळापत्रक ‘या आठवड्यात इतके नग पाठवा’ एवढेच सांगत नाही. वर्षारंभापासून एकूण किती नग हवेत आणि त्यांपैकी किती आपल्या गोदामात पोहोचले, हे दोन चढते आकडे तो देतो, आणि पुरवठादाराने त्यांतून उरलेली मागणी काढायची असते. ग्राहक मोजतो ते पोहोचलेले नग आणि आम्ही मोजतो ते पाठवलेले नग, त्यामुळे दोन्ही आकड्यांमधला फरक म्हणजे त्या घटकेला बोटीवर असलेला माल. सेवा कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांना संदेशाचा प्रत्येक रकाना तोंडपाठ होता, पण समुद्र त्यांच्या हिशेबात नव्हता. त्यांनी केलेल्या पहिल्या जोडणीत बोटीवरचा सगळा माल तुटवडा म्हणून धरला गेला आणि ईआरपीने तोच माल पुन्हा बनवण्याचे आदेश काढले. आम्हीही ते निमूटपणे पाळले, कारण नव्या व्यवस्थेवर शंका घेणे म्हणजे मागासलेपण, असा आमचाच समज झाला होता. एका पंप हाउसिंगचे जवळपास दोन महिन्यांचे जादा कास्टिंग तयार होऊन पडल्यावर आमचे डिस्पॅच सुपरवायझर केबिनमध्ये आले आणि म्हणाले, “साहेब, हा माल आपण गेल्या महिन्यातच पाठवलाय. बोटीवर असेल तो अजून.” लाखो रुपयांच्या प्रणालीला जे दिसले नाही, ते त्यांना बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे बोटीवर माल चढल्याच्या पावत्यांच्या, फाइलवरून दिसले.

दुरुस्तीला दीड महिना लागला. हा काळ जास्त होता, पण दुरुस्ती पक्की झाली. आता ‘मार्गस्थ माल’ हे ईआरपीत वेगळे गोदाम आहे. बोट सुटल्याच्या तारखेला माल त्यात जातो आणि ग्राहकाने पोच दिली की त्यातून बाहेर पडतो. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणाऱ्या बोटी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागल्या, तेव्हा प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. त्या वेळी आम्हाला एका रकान्यातील दिवसांची संख्या तेवढी बदलावी लागली आणि पुढच्या सहा महिन्यांचे उत्पादन वेळापत्रक त्याच संध्याकाळी नव्याने मिळाले. करारासाठी मोजलेले पैसे वसूल झाल्याचे त्या दिवशी प्रथम वाटले.

तारखेच्या घोळाबद्दल सेवा कंपनीला दोष देता येत नाही. ईडीआय संदेशात वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे तेथे गोंधळ होत नाही. पण अमेरिकन खरेदी अधिकाऱ्याने घाईत ई-मेलने पाठवलेल्या एक्सेलमधील ०४/०३ ही तारीख आमच्याकडे ४ मार्च अशी वाचली गेली, आणि ३ एप्रिलला हवा असलेला माल महिनाभर आधी निघाला. आडातच गढूळ असेल तर पोहऱ्यात स्वच्छ कुठून येणार? तेव्हापासून ई-मेलवरची मागणी ईआरपीत घालायची नाही, असा नियम केला आहे.

मदत कक्षाबद्दल मात्र माझे मत चांगले नाही. करारात ‘चोवीस तास सेवा’ असे ठळक अक्षरांत छापले आहे आणि रात्री दोन वाजताही फोन उचलला जातो, हे खरे आहे. परंतु उचलणारा केवळ तक्रार क्रमांक देतो. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, तर अमेरिकन ग्राहकाचे कामकाज सुरू होते तेव्हा आमची दुसरी पाळी संपत आलेली असते. म्हणजे अडचण येण्याची शक्यता सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी, जेव्हा जाणकार अभियंता घरी गेलेला असतो. एका शनिवारी रात्री पॅलेटची लेबले छापणे बंद पडले आणि कंटेनर सकाळपर्यंत दारात उभा राहिला. तक्रारीला पंधरा मिनिटांत उत्तर मिळाल्यामुळे करारभंग झाला नाही, कारण करारात प्रतिसादाची वेळ आहे, दुरुस्तीची नाही. सही करण्यापूर्वी हे वाचायला हवे होते.

सुरक्षेच्या बाबतीत त्यांचे काम सर्वांत सरस आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विषाणू पसरला, तेव्हा मर्स्कसारख्या जहाज कंपनीची यंत्रणा बसली आणि न्हावा शेवातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. पुढे त्या कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. सेवा कंपनीने पहिल्याच बैठकीत हे उदाहरण देऊन मशीन शॉपचे आणि कार्यालयाचे नेटवर्क वेगळे केले, दुहेरी पडताळणी सक्तीची केली आणि बँक खाते बदलल्याची कोणतीही ई-मेल फोनवर खात्री केल्याशिवाय ग्राह्य धरायची नाही, हे आमच्या ग्राहकांनाही लेखी कळवायला लावले. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक आहे. त्याची तयारीही त्यांनी करून ठेवली आहे.

पुराचा अनुभव थोडक्यात सांगतो, कारण तो चांगला आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा आमचा सर्व्हर तळमजल्यावर होता आणि तो खुर्चीवर, मग टेबलावर, मग माळ्यावर चढवण्याची आमची रीत होती. जुलै २०२४ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी पुन्हा ओलांडली, तेव्हा सगळे क्लाउडवर होते आणि लेखा विभागाने घरून शिपिंग बिलाची कागदपत्रे पूर्ण केली.

ही सेवा सर्वांनी घ्यावी असे मी म्हणणार नाही. वर्षाला चार-पाच कंटेनर पाठवणाऱ्या उद्यमनगरातील लहान कारखान्याला किंवा कोल्हापुरी चपलांची निर्यात करणाऱ्याला टॅली, एक चांगला सीएचए (कस्टम्सचे काम पाहणारा एजंट) आणि शिस्तीने ठेवलेले ई-मेल पुरेसे आहे. ग्राहक ईडीआयची अट घालत असेल, तरच हा खर्च परवडतो.

माझा शेवटचा आक्षेप मालकीबद्दल आहे. ईडीआयची जोडणी आमच्या पैशाने आणि आमच्या चुकांतून तयार झाली, पण तिचे दस्तऐवज सेवा कंपनीकडेच आहेत. उद्या दुसऱ्याकडे जायचे ठरवले तर समुद्रावरचा माल मोजायला पुन्हा शून्यापासून शिकवावे लागेल. म्हणून नूतनीकरण तीनऐवजी एकाच वर्षासाठी ठेवले आहे. मसुद्यात आम्ही तीन कलमे घातली: जोडणीचे दस्तऐवज आमच्या ताब्यात, दुरुस्तीची कालमर्यादा, आणि दर तिमाहीला बॅकअपमधून डेटा प्रत्यक्ष परत आणून दाखवणे. पहिले आणि तिसरे त्यांनी मान्य केले आहे. दुसऱ्यावर चर्चा चालू आहे आणि सही तेवढ्यासाठी थांबली आहे.