सहा फुटी इको-सॉल्व्हंट प्रिंटर: सोळा महिन्यांचा अनुभव आणि ९४ मिलिमीटरची रेघ

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील आमच्या दुकानात हे दोन हेडचे (हेड म्हणजे शाई फवारणारा भाग), सौम्य द्रावकाच्या शाईवर चालणारे सहा फुटी इको-सॉल्व्हंट छपाई यंत्र गेल्या वर्षीच्या पाडव्याला बसवले. २०१९ च्या पुरात व्हीनस कॉर्नरच्या परिसरात पाणी कुठपर्यंत आले होते हे पाहिलेले असल्यामुळे ते तळमजल्यावर न ठेवता पहिल्या मजल्यावर चढवले. त्यावर व्हिनाइल, वन-वे व्हिजन (काचेवर लावायची बारीक छिद्रांची फिल्म) आणि थोडे फ्लेक्स असे काम रोज सरासरी सहा ते सात तास चालते. घेताना यंत्राविषयी मला जे वाचायला मिळाले नाही ते दुसऱ्याला मिळावे, म्हणून सोळा महिन्यांनंतर हे सविस्तर लिहीत आहे.

रंग, वेग आणि हेडचा टिकाऊपणा याबद्दल माझी तक्रार नाही. हेड झाकणारे कॅपिंग आणि हेड पुसणारा वायपर रोज संध्याकाळी पुसले, तर सकाळच्या नोझल चेकमध्ये (शाईची सगळी छिद्रे चालतात का ते दाखवणाऱ्या चाचणीत) एखादे छिद्र बंद दिसते, क्वचित दोन. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्रास होतो तो शाईपेक्षा व्हिनाइलच्या पाठीमागच्या कागदाचा. तो ओल धरतो, कडा उचलल्या जातात आणि हेड त्यांना घासण्याची भीती राहते. रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणे आणि छपाईपूर्वी पुढचा-मागचा हीटर पंधरा मिनिटे चालू ठेवणे, एवढ्याने आमचे काम निभावले.

खरा प्रश्न अकराव्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीत उभा राहिला. एका तालमीच्या फुटबॉल संघासाठी गडद निळ्या पार्श्वभूमीचे मोठे काम होते आणि त्या निळ्यात आडव्या, बारीक पांढऱ्या रेघा दिसू लागल्या. फोटोच्या कामात त्या लपून जात होत्या, पण सपाट रंगात त्या दहा फुटांवरूनही ओळखू येत. ते काम मी गिऱ्हाइकाला न देता स्वतःहून बाजूला ठेवले. ज्याच्याकडून यंत्र घेतले त्या विक्रेत्याच्या तंत्रज्ञाने येऊन नोझल चेक पाहिला, तो स्वच्छ निघाला, तरीही हेड थकले असावे असे सांगून त्याने दोन्ही हेड बदलण्याचा खर्च सांगितला. स्टेपचा, म्हणजे हेड एकदा आडवे गेल्यावर मीडिया (छपाईचा रोल) किती पुढे सरकावा याचा, आकडा वाढवून-कमी करून पाहा, हा दुसरा सल्ला. तो मी दोन दिवस पाळला. आकडा एका बाजूला नेला की पांढऱ्या रेघा बुजत, पण त्यांच्या मधल्या जागेत गडद पट्टे उमटत. उलट बाजूला नेला की गडद पट्टे जाऊन पांढऱ्या रेघा ठळक होत. मीडिया सगळीकडे सारखाच जास्त किंवा सारखाच कमी सरकत असता तर आकडा बदलून दोष गेला असता. इथे तो काही ठिकाणी जास्त आणि काही ठिकाणी कमी सरकत होता, आणि स्टेपचा आकडा ही सरासरीची दुरुस्ती असल्यामुळे असा जागोजागी बदलणारा दोष तिला दूर करता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी एकाच निळ्याची दीड मीटर लांब पट्टी चार पासमध्ये, म्हणजे प्रत्येक जागेवरून हेड चार वेळा नेऊन, छापली आणि स्टीलची पट्टी लावून रेघांमधले अंतर मोजले. प्रत्येक पांढऱ्या रेघेनंतर पुढची रेघ ९४ मि.मी. वर येत होती आणि गडद पट्टा बरोबर मध्ये, ४७ मि.मी. च्या आसपास होता. मग तीच पट्टी सहा आणि आठ पासमध्ये छापली. रेघा फिकट झाल्या, पण अंतर ९४ च राहिले. दोष नोझलचा असता तर रेघ प्रत्येक पासच्या पायरीला आली असती, म्हणजे आमच्या हेडवर चार पासला साधारण ८ मि.मी. वर, आणि पास बदलताच ते अंतरही बदलले असते. टेक-अप (छापलेला मीडिया गुंडाळणारा भाग) बंद करून मीडिया मोकळा सोडला, तरी फरक पडला नाही. मला वाटते, हेडच्या खर्चाला होकार देण्याआधी ही एक पट्टी प्रत्येकाने छापून मोजावी. त्याला अर्धा मीटर व्हिनाइलसुद्धा पुरते.

हे ९४ कुठून आले, याचे उत्तर मीडिया ओढणाऱ्या रोलरमध्ये आहे. त्याचा व्यास ३० मि.मी., म्हणून परीघ ९४.२ मि.मी.; म्हणजे रोलरच्या प्रत्येक फेरीला एकदा चूक होत होती. आमच्या यंत्रात मोटरवरच्या पुलीला २० दाते, रोलरवरच्या पुलीला ६० दाते आणि त्या दोन्हींना जोडणाऱ्या पट्ट्याला (बेल्टला) १५० दाते आहेत. दोष मोटरच्या पुलीत असता तर रेघ ३१ मि.मी. वर आली असती, पट्ट्याच्या एखाद्या खराब दात्यात असता तर २३५ मि.मी. वर. राहिले दोनच संशयित: रोलर स्वतः किंवा त्याच्या टोकाची मोठी पुली. डावीकडचे झाकण काढून पुलीवर मार्करने खूण केली, तर पांढरी रेघ छापली जाताना ती खूण दर वेळी एकाच जागी येत होती. उद्यमनगरातील एका ओळखीच्या वर्कशॉपमधून डायल गेज (फिरणारा भाग किती डगमगतो ते सुईने दाखवणारे मापयंत्र) मागून आणले. रोलरवर तीन ठिकाणी लावले तेव्हा सुई ०.०२ मि.मी. हलली, पुलीवर लावले तेव्हा ०.३० मि.मी. म्हणजे पुलीचे केंद्र ०.१५ ने सरकलेले होते. पुलीचा व्यास रोलरच्या जवळपास दुप्पट असल्यामुळे मीडियावर ही चूक निम्मी होऊन उतरते, तरीही चार पासच्या एका पायरीत ती ०.०४ मि.मी. पर्यंत जाते. ७२० डीपीआयला, म्हणजे इंचाला ७२० ठिपके असताना, दोन ठिपक्यांमधले अंतरच ०.०३५ मि.मी. असते, त्यामुळे रेघ दिसणारच.

पुली काढल्यावर कारण स्पष्ट झाले. ॲल्युमिनियमची पुली स्टीलच्या शाफ्टवर एकाच ग्रब स्क्रूने (डोके नसलेल्या, पुलीत आत शिरणाऱ्या स्क्रूने) धरलेली होती. तो ढिला झाल्यावर प्रत्येक सुरू-बंदच्या झटक्याने पुलीचे भोक झिजत गेले आणि स्क्रू पुन्हा आवळला की पुली एका बाजूला ओढली जाऊन आउट, म्हणजे केंद्र सोडून, फिरू लागली. नुसता स्क्रू आवळणे हा उपाय नव्हता. त्याने दोष अधिक पक्का झाला असता. मी पुली घेऊन उद्यमनगरात गेलो, तर तिथल्या वयस्क टर्नरमामांनी ती हातात फिरवून मला परत पाठवले: “नुसती पुली आणून काय उपेग न्हाई, शाफ्टाचं माप घ्याय पायजे.” ते संध्याकाळी स्वतः मायक्रोमीटर घेऊन दुकानात आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुली चार जबड्यांच्या चकमध्ये धरली आणि झिजलेल्या भोकावर विसंबून न राहता दात्यांच्या बाहेरच्या कडेला डायल लावून ती मध्यावर आणली. मग भोक मोठे करून त्यात स्टीलचा बुश (नळीसारखा तुकडा) दाबून बसवला, तो शाफ्टच्या मापाला बोअर केला आणि एकमेकांशी काटकोनात दोन ग्रब स्क्रू दिले. दात्यांवरून मध्य काढण्याला किती महत्त्व आहे हे मला त्यांच्याकडूनच कळले. खर्च साडेसहाशे रुपये आणि दोन दिवस.

पुली बसवून थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावल्यावर डायलची सुई ०.०४ मि.मी. वर आली. त्यानंतर पट्ट्याचा ताण पाहिला, स्टेप नव्याने लावली आणि तेच निळे काम पुन्हा छापले. रेघ नाही. या घटनेला पाच महिने झाले, जुनी हेड अजून चालू आहेत आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्या पुलीवर आणि शाफ्टवर मिळून ओढलेली मार्करची रेघ तुटली आहे का ते पाहतो.

हे यंत्र घ्यावे का, असे मला विचारणाऱ्यांना मी घ्या असेच सांगतो. मात्र ते बसवायला माणूस येईल तेव्हा डावे झाकण त्याच्याचकडून उघडून घ्यावे, पुलीला ग्रब स्क्रू एक आहे की दोन हे पाहावे, आणि एकच असेल तर दुसरा वॉरंटीतच मागून घ्यावा.