व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट : सोडतीच्या आठवणींचा अर्धा संग्रह

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ हा माजी सैनिकांच्या मुलाखतींचा संग्रह अमेरिकी काँग्रेसने २००० साली कायदा करून सुरू केला. त्यातील बऱ्याच मुलाखती घरबसल्या आणि विनामूल्य ऐकता येतात. व्हिएतनाम युद्धकाळातील सक्तीच्या भरतीची सोडत तेव्हाच्या तरुणांनी कशी अनुभवली, एवढेच जाणून घेण्यासाठी मी हा संग्रह ऐकला आणि हे परीक्षणही तेवढ्यापुरतेच आहे.

पहिली सोडत १ डिसेंबर १९६९ च्या रात्री निघाली. १९४४ ते १९५० या वर्षांत जन्मलेल्यांसाठी ३६६ तारखा निळ्या प्लास्टिकच्या कुप्यांत घालून काचेच्या बरणीत टाकल्या होत्या. खासदार अलेक्झांडर पिर्नी यांनी उचललेल्या पहिल्या कुपीतून १४ सप्टेंबर ही तारीख निघाली आणि त्या दिवशी जन्मलेले सगळे एक नंबरचे, म्हणजे सैन्यात सर्वांत आधी बोलावले जाणारे, ठरले. ८ जूनवाल्यांच्या वाट्याला ३६६ आला. म्हाडाच्या सोडतीत नंबर लागावा म्हणून देव पाण्यात ठेवणाऱ्या आपल्याला हे सारे उलटे वाटते, कारण तिथे जो तो आपली तारीख बरणीच्या तळाशी राहावी म्हणून धावा करत होता. कुप्या नीट ढवळल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे वर्षअखेरीस जन्मलेल्यांना लहान क्रमांक अधिक प्रमाणात मिळाले, ही टीका तेव्हाच झाली होती. पुढच्या वर्षी पद्धत बदलली, पण डिसेंबरात जन्मलेल्या पोरांना त्याचा काय उपयोग!

या मुलाखतींचे खरे बळ तपशिलात आहे. युद्धाच्या तारखा सांगताना अडखळणारा म्हातारा आपला सोडतीचा क्रमांक मात्र न थांबता सांगतो. क्रमांक लहान निघाल्यावर पायदळात जावे लागू नये म्हणून आपण होऊन नौदलात किंवा हवाई दलात नाव घातल्याचे काहीजण मोकळेपणाने सांगतात. शेवटी १९५ पर्यंतच्या क्रमांकांना बोलावणे आले, परंतु ती सीमा आधी कोणालाच ठाऊक नव्हती. त्यामुळे मधल्या क्रमांकांच्या मुलांची वर्षभर चाललेली घालमेल मला सर्वांत बोलकी वाटली.

उणिवाही आहेत. मुलाखती बहुधा स्वयंसेवकांनी घेतलेल्या असल्याने दर्जा कमी-जास्त आहे, आणि अनेकजण सोडतीचा विषय दोन वाक्यांत उरकून थेट रणांगणाकडे वळतात. सगळ्या मुलाखती संकेतस्थळावर नाहीत, लिखित प्रतही प्रत्येकीची मिळत नाही. पण मोठी उणीव संग्रहाच्या व्याख्येतच आहे : येथे जागा आहे ती मुख्यतः सैन्यात गेलेल्यांना. ज्याचा क्रमांक तीनशेच्या पुढे निघाला, ज्याला कॉलेजमुळे सवलत मिळाली, किंवा जो कॅनडात निघून गेला आणि १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी माफी दिल्यावरच निर्धास्तपणे परतू शकला, त्याची कहाणी दुसरीकडे शोधावी लागते.

तरीही अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांना मी हा संग्रह आवर्जून सुचवेन. त्यांच्या १८ ते २५ वयाच्या मुलग्यांचे नाव, नागरिकत्व नसून नुसते ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) असले तरीही, सक्तीच्या भरतीसाठी ठेवलेल्या सरकारी यादीत नोंदले जावे लागते, आणि बहुतेक घरांत हे काम कॉलेजच्या कागदपत्रांच्या गर्दीत एक शब्दही न बोलता उरकले जाते. सुरुवात करताना व्हिएतनाम युद्ध निवडून सक्तीने भरती झालेल्यांच्या मुलाखती आधी ऐकाव्यात; स्वेच्छेने गेलेल्यांच्या त्यानंतर.