सावेडीतलं स्कूटरचं गॅरेज: ४ स्टार, पण भिंतीवरच्या बायबलच्या वचनासाठी नाही

आधीच सांगते, मी पण ख्रिस्तीच आहे, त्यामुळे कुणी म्हणेल आपल्या माणसाची जाहिरात करतीये, तर तसं काही नाही, उलट दुकानात शिरल्या शिरल्या भिंतीवर वचन दिसलं की मी पर्स जरा घट्टच धरते. कारण आहे त्याला. दोन वर्षांपूर्वी घराच्या खिडक्यांचं काम एकाला दिलं होतं (नाव नको), काउंटरवर हा एवढा मोठा क्रॉस, पहिल्याच भेटीत "ताई, प्रभूनेच तुम्हाला आमच्याकडे पाठवलंय", आणि ॲडव्हान्स घेतल्यावर तीन महिने फोन उचलायचं नाव नाही. शेवटी जे काय बसवलं ते पहिल्या पावसात गळलं.

तर आता गाडी. माझी ॲक्टिव्हा, ४२ हजार किलोमीटर झालेत, पिकअपच घेत नव्हती, सिग्नलला सुटताना झटके मारायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी कव्हरला हात पण न लावता सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, ८ हजार धरून चाला. शाळेतल्या एका मॅडमनी सावेडीतल्या या गॅरेजचं सांगितलं. बोर्डावर फक्त 'टू व्हीलर रिपेअर' आहे, दुसरं काही नाव नाही. आत भिंतीवर कलस्सैकरांस पत्रातलं ते वचन, काम माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा वालं, ऑइलच्या बोटांचे ठसे उठलेलं. म्हणलं झालं, आपल्या नशिबात परत खिडक्या.

पण माणसाने मला स्टुलावर बसू दिलं नाही. "ताई इकडं या, बघा" म्हणत माझ्यासमोर डावीकडचं कव्हर खोललं. बेल्टला चिरा पडलेल्या, आतले रोलर एका बाजूने घासून चपटे झालेले, म्हणजे ते गोल फिरणार कसे आणि गाडी उचलणार कशी. क्लचमधली काळी धूळ साफ करून दाखवली आणि सांगितलं इंजिनला काही झालेलं नाही, उगाच खोलू नका. बेल्ट, रोलर, ऑइल, मजुरी सगळं मिळून १,८५० रुपये. जुना बेल्ट आणि रोलर पिशवीत घालून डिकीत ठेवले, मी मागितले पण नव्हते.

आता माझा आगाऊपणा ऐका. बिल बघून मी म्हणलं, दादा मी पण चर्चलाच जाते, काहीतरी कमी करा की. तो हसला. "ताई, मग बाहेर जे थांबलेत त्यांच्याकडून मी जास्त घेतो असं होईल ना." बाहेर एक दूधवाले काका आणि एक कॉलेजचा मुलगा उभा होता. मी गपचूप १,८५० दिले.

हे लिहायचं खरं कारण त्याचं हे वागणंच आहे. आमच्या नगरात (हो, आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं, तेव्हापासून ख्रिस्ती घरात 'पाचारण' (म्हणजे देवाने नेमून दिलेलं काम) म्हणलं की पाळक, म्हणजे चर्चचा पाद्री, फार तर शिक्षक नाहीतर नर्स. माझी आजी मरेपर्यंत म्हणत होती की घरातला एक तरी मुलगा सेमिनरीला, म्हणजे पाद्री व्हायचं शिकायला, जायला पाहिजे होता, आणि माझा भाऊ वायरमन आहे, पावसात खांबावर चढतो, त्याच्या कामासाठी चर्चमध्ये प्रार्थना झालेली मला तरी आठवत नाही. 'सेवेत असलेल्यांसाठी', म्हणजे चर्चचं काम करणाऱ्यांसाठी, दर रविवारी होते. बायबलमधला प्रेषित पौल स्वतः तंबू करून पोट भरायचा हे आम्ही सगळे वाचतो आणि पुढचं पान उलटतो. व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो बघा, ख्रिस्ती चांभाराने बुटांवर छोटे क्रॉस काढू नयेत, बूट चांगले शिवावेत, असं जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर म्हणाला म्हणे. ल्यूथरच्या लिखाणात ते कुठे सापडत नाही, पण पाचारण फक्त पाद्र्यांचं आणि मठातल्यांचं नसतं, हे त्याने सोळाव्या शतकात नक्की मांडलं होतं. बुटांचं मला माहीत नाही, पण बेल्ट नीट बसलाय आणि झटके बंद आहेत.

हां, एक स्टार का कापला ते पण ऐका. फोन उचलत नाही, म्हणजे अजिबातच नाही, हात ऑइलचे असतात म्हणे. घरी आल्यावर पायाखालच्या पॅनलचा एक स्क्रू ढिला निघाला, खडखड करत होता, परत जावं लागलं, त्याने लगेच चूक मान्य केली आणि पैसे घेतले नाहीत पण माझी अर्धी सुट्टी गेली ना. शनिवारी संध्याकाळी नवीन गाडी घेत नाही आणि रविवारी दुपारी २ नंतर उघडतो. नोकरी करणाऱ्या माणसाला रविवार सकाळच मिळते हो, पण आता मी हे कुठल्या तोंडाने बोलू.

कारण पुढची सर्व्हिसिंग मी ठरवली ती नेमकी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, शाळेला सुट्टी म्हणून. प्लॅन असा की सकाळी गाडी टाकायची आणि बारा वाजता रिक्षाने चर्चमध्ये सात उद्गारांच्या (येशू क्रुसावर जे बोलला त्या) भक्तीला जायचं. गेले तर शटर बंद. मी चिडून फोन लावला, अर्थात उचलला नाही, आणि मग लक्षात आलं की मी त्याच्यावर का चिडतीये. शटरवर खडूने लिहिलं होतं, शनिवारी ९ ला या.