भरती-ओहोटी बघून रत्नागिरीची सुट्टी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आधी काय वापरलं ते सांगतो. फोनवरचं एक फुकटचं भरती-ओहोटीचं ॲप, भिंतीवरची दिनदर्शिका आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज. पावसाळा संपल्यापासून आमच्या घरची किनाऱ्यावरची प्रत्येक सुट्टी या तिघांना विचारून ठरते. लॉज, गाडी, रजेचा अर्ज हे सगळं त्यानंतर. माझं मत आता पक्कं आहे: कोल्हापुरातून रत्नागिरीला जाणाऱ्यानं हॉटेल शोधायच्या आधी शनिवार निवडावा, आणि तो तिथी बघून निवडावा.

कारण आपल्याकडे वेळच कमी असतो. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असं करत साधारण १३० किलोमीटर. घाटातलं धुकं, वाटेतला चहा-नाश्ता धरला तर चार तास जातातच. बहुतेक कुटुंबं शनिवारी निघतात आणि रविवारी रात्री परत येतात. म्हणजे समुद्रासाठी हातात उरते एक संध्याकाळ आणि एक सकाळ. नेमक्या त्याच वेळी पाणी पार वर आलेलं असेल, तर मांडवीला वाळूवर उतरायला फारशी जागा राहत नाही आणि पोरं भिंतीवर बसून लाटा मोजतात. तोच मांडवीचा किनारा ओहोटीला इतका पसरतो की क्रिकेटचे दोन डाव शेजारी शेजारी चालतात.

ॲप उघडलं की एक नागमोडी रेघ दिसते. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं, त्यामुळं वेळ रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढं सरकते. रेघेवरचे मीटरचे आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. ते त्या बंदरासाठी ठरवलेल्या नीचतम पाण्याच्या पातळीपासून मोजलेले असतात. 'दोन मीटर' लिहिलंय म्हणजे तुम्ही उभे आहात तिथं दोन मीटर पाणी आहे असा अर्थ होत नाही. शिवाय ठिकाण म्हणून रत्नागिरीच निवडा. काही ॲप्स आपोआप मुंबई धरतात. मुंबईत पाण्याचा चढउतार रत्नागिरीपेक्षा बराच मोठा असतो आणि भरतीही रत्नागिरीत थोडी आधी येते.

पण खरा उपयोग झाला तो दिनदर्शिकेचा. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास पुढं-मागं. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. पाऊणपटीत ४५ धरलीत, एवढाच फरक. ॲपशी ताडून पाहिलं तर रत्नागिरीसाठी हा हिशेब पाऊण-एक तास इकडंतिकडं होतो, बहुधा खरी भरती थोडी लवकर येते. सहा महिने पुढचा बेत ठरवताना एवढं पुरतं. आमची आई शाळा चौथीपर्यंतच शिकलेली, पण आता तीच भिंतीकडं बघून सांगते, "या शनिवारी नको रे, अष्टमी आहे, संध्याकाळी पाणी वर असणार."

यातून निघालेली सगळ्यात कामाची गोष्ट अशी की चांगला शनिवार साधारण एक आड एक येतो. सात दिवसांत भरती साडेपाच-सहा तास सरकते, त्यामुळं या शनिवारी संध्याकाळी ओहोटी असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी भरती, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा ओहोटी. रजा एक आठवडा मागं-पुढं करणं बहुतेकांना जमतं. लॉजचे पैसे तेवढेच, पण सुट्टी वेगळीच होते.

आमच्या घराला मानवलेले दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस. सकाळी सातच्या आसपास ओहोटी संपून पाणी हळूहळू चढायला लागतं, ते आंघोळीला बरं. दुपारी पाणी भरलेलं असतं आणि ऊनही कडक, तेव्हा किनाऱ्यावर काही कामच नसतं. त्या वेळात आम्ही शहर बघतो. टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं, १९१० साली हा वाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो याच गावात वारला. तिथल्या टोकावरून खाली भाट्याची खाडी दिसते, ती भरतीलाच बघावी, काठोकाठ भरलेली. मग सुरमईचं ताट, सोलकढी, थोडी झोप. पाचला भाट्याच्या वाळूवर उतरायचं. पाणी मागं सरकत असतं, ओली घट्ट वाळू उघडी पडत जाते आणि सूर्य बुडेपर्यंत मुलं पळत राहतात. हे जमून आलं की चार तासांचा घाट वसूल होतो.

अष्टमी-नवमीचे दिवस मी अगदी बाद करत नाही. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मला तेच दिवस आवडतात. फक्त ओहोटी भर दुपारी बारा वाजता येते, त्यामुळं संध्याकाळी मोठ्या वाळूची आशा ठेवू नये.

आता पाण्यात उतरण्याबद्दल, आणि हे कोल्हापूरकरांना कळकळीनं सांगायचंय. आपल्यातली निम्मी पोरं पंचगंगेत सूर मारून पोहायला शिकलेली असतात. छाती काढून समुद्रात शिरतात. नदीची ओढ एका दिशेची असते, ती बघून समजते. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं, आणि तो पट्टा वरून शांत दिसतो, कारण तिथं लाट फुटत नाही. माणूस नेमका तिथंच उतरतो. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडं झुंजत येऊ नये, ताकद संपते. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावं, मग आत यावं. भाट्याला एक मच्छीमार काका आमच्या मुलाला म्हणाले होते, "पाणी सुकायला लागलं की आत जायचं नाय, बाळा." तेव्हापासून आमच्याकडं तोच नियम आहे: वाळूत खेळायचं ओहोटीला, भिजायचं ते पाणी चढायला लागल्यावर, आणि तेही गुडघ्यापर्यंत. काजळी नदीच्या मुखाजवळ तर उतरायचंच नाही. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी तिथून बाहेर पडत असतं.

गणपतीपुळ्याला हे दुप्पट लागू आहे. संकष्टीला गर्दी होते, आणि संकष्टी म्हणजे चतुर्थी, म्हणजे दुपारी भरती. सकाळी दर्शनाच्या रांगेत जाऊन दुपारी माणसं पाण्यात उतरतात तेव्हा पाणी पार वर आलेलं असतं, आणि तिथला किनारा उतरता आहे. आम्ही दर्शन घेतो, परतीच्या वाटेवर आरे-वारेच्या चढावर थांबून समुद्र डोळे भरून बघतो आणि भिजायला भाट्यालाच परततो.

ॲपची मर्यादाही कळली. ते चंद्र-सूर्याच्या ओढीचं गणित मांडतं. वारा आणि लाटा त्यात नसतात. दूरच्या वादळाची लाट स्वच्छ उन्हातही कोकणच्या किनाऱ्यावर येऊन आदळते, आणि ते रेघेवर दिसत नाही. त्यासाठी इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा आदल्या रात्री बघायचा. इशारा असला की शहर फिरायचं, संध्याकाळी मिरकरवाड्याच्या बंदरात परतणाऱ्या होड्या बघायच्या, पाण्याला पाय लावायचा नाही. जून ते सप्टेंबर मी ॲप उघडतच नाही. त्या दिवसांत भाट्याचं सुरुबन आणि घाटातले धबधबे पुरेसे आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचाही आग्रह धरू नये.

एक कमी मात्र खटकते. मी बघितलेल्या एकाही ॲपमध्ये तिथी दाखवत नाहीत आणि मराठीही नाही. रेघेच्या खाली 'शुद्ध द्वितीया' एवढं लिहिलं असतं तर आईलाही ते वापरता आलं असतं.

दिवाळीचा बेत करणाऱ्यांसाठी शेवटचं. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, त्यामुळं भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी पहाटे निघालात तर तृतीया असते: सकाळी आठच्या आसपास ओहोटी, दुपारी दोनच्या सुमारास भरती, आणि संध्याकाळी पाणी मागं जात असतं. तिथून चार-पाच दिवस उशीर केलात तर मावळतीच्या वेळी पाणी वर असेल. लॉज त्या आठवड्यात लवकर भरतात, म्हणून तारीख आत्ताच दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा.