रोपण केलेला गुडघा : माघापासून कापूस वेचणीपर्यंतच्या वापराचा अनुभव

कृत्रिम गुडघा बसवून घेतलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो, "बाई, आता मांडी घालता येते काय वो?" हा. प्रश्न आपुलकीचा असतो. आपल्याकडे जेवण, धान्य निवडणे, पूजा, निंदण आणि शौच ही सगळीच कामे जमिनीलगत होत असल्यामुळे तो स्वाभाविकही आहे. मात्र माघ महिन्यात उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून आता कापसाची वेचणी सुरू होईपर्यंतच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, गुडघा किती वाकतो याची चिंता सगळे करतात, परंतु तो किती सरळ होतो यावर चालणे, उभे राहणे आणि वावरात जाणे अधिक अवलंबून असते. मी वर्धा जिल्ह्यातील एका लहान गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहे आणि घरी कपाशी, तूर व सोयाबीनची कोरडवाहू शेती आहे. रुग्णालयातून मिळणारी सूचनापत्रके शहरातील घर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. म्हणून हा अनुभव बाज, न्हाणी आणि धुरा (शेताचा बांध) असलेल्या घरांसाठी लिहीत आहे.

प्रथम सांध्याविषयी. शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा काढून टाकतात असा अनेकांचा समज असतो, तो बरोबर नाही. हाडांची झिजलेली टोके पातळ कापून मांडीच्या हाडावर धातूची टोपी आणि नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसवतात, दोहोंच्या मध्ये झिजेला टिकणाऱ्या पॉलिथिलीन या प्लास्टिकचा तुकडा असतो आणि हे भाग बहुधा हाडांसाठीच्या खास सिमेंटने पक्के केले जातात. स्नायू आपलेच राहतात, आणि पुढची सगळी मेहनत त्यांच्यासाठीच असते. किमतीच्या बाबतीत ऑगस्ट २०१७ मधील निर्णय प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरवली. त्यापूर्वी तोच सांधा रुग्णाला सरासरी १,५८,३२४ रुपयांना पडत होता. जास्त वाकणाऱ्या रचनेच्या सांध्यासाठी त्याच वेळी ५६,४९० रुपयांची मर्यादा घातली गेली. मांडी घालता यावी म्हणून हाच सांधा हवा, असा आग्रह नातेवाईक धरतात, पण तुलनात्मक अभ्यासांतून त्याचा वाकण्याच्या बाबतीत फारसा फायदा दिसून आलेला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता, यावरच नंतर तो किती वाकेल हे बऱ्याच अंशी ठरते. माझ्या डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितले होते आणि मला नेहमीचाच सांधा बसवला, याचे मला आजही समाधान आहे.

पहिले काही आठवडे वेदनेचे असतात, आणि ती वेदना दिवसापेक्षा रात्री अधिक छळते. याविषयी कोणी गोड बोलून फसवू नये. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी ठरलेली वेदनाशामक गोळी घेतली तरच व्यायाम नीट होतो. गोळी टाळून दात-ओठ खात बसल्याने स्नायू आखडतात आणि दिवस वाया जातो. रक्त पातळ ठेवण्याची औषधे डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत न चुकवता घ्यावीत. पोटरीत नव्याने दुखणे व सूज आली, किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण रक्ताची गाठ होण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो.

आता बाजेविषयी, कारण या एका गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे. सुजलेल्या सांध्यात पाणी साचलेले असते आणि गुडघा किंचित वाकवून ठेवला की आतला ताण कमी होतो, म्हणून रुग्णाला गुडघ्याखाली उशी घ्यावीशी वाटते आणि घरचे लोक प्रेमाने ती देतातही. बाजेवर तर उशीचीही गरज पडत नाही. सुतळी मध्यभागी सैल झालेली असते, शरीर खाली जाते आणि पाय आपोआप वाकलेल्या स्थितीत राहतो. रात्रभर असा पाय ठेवला की काही आठवड्यांतच गुडघ्यामागचे स्नायू व आवरण आखडू लागते आणि पुढे सरळ करण्यासाठी फार त्रास सोसावा लागतो. जो गुडघा पूर्ण सरळ होत नाही, त्याला नुसते उभे राहण्यासाठीही मांडीचे स्नायू सतत ताणून धरावे लागतात. पाय थोडा आखूड पडल्यासारखा होतो, माणूस लंगडतो आणि काही दिवसांत कंबरही दुखू लागते. आमच्या घरात मुलाने शस्त्रक्रियेपूर्वीच बाज गोठ्याकडे हलवली आणि लाकडी तख्तपोसावर जाड, कडक गादी टाकली. झोपताना टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघा मोकळा सोडायचा आणि गुडघ्याची मागची बाजू खाली दाबण्याचा प्रयत्न करायचा, हा व्यायाम मी सर्वांत जास्त केला. दररोज गुडघ्याखाली तळहात सरकवून पाहत असे. पोकळी कमी होत गेली आणि उन्हाळा संपण्यापूर्वी तळहात आत जाणे बंद झाले. ज्या घरात एकच गोष्ट विकत घेण्याची ऐपत असेल, त्यांनी महागड्या यंत्रापेक्षा कडक, उंच अंथरुणाची सोय करावी, असे मी ठामपणे सांगते.

वाकण्याचे मोजमाप मी खडूने केले. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून टाच जमिनीवरून मागे सरकवायची आणि जिथे थांबेल तिथे फरशीवर रेघ ओढायची. गावात फिजिओथेरपिस्ट नाहीत. तालुक्याच्या गावी आठवड्यातून एकदा जावे लागे आणि मधल्या दिवसांत या रेघाच मला सुधारणा दाखवत. सपाट रस्त्यावर चालताना गुडघा साधारण ६० ते ७० अंश वाकतो, जिन्यासाठी ९० अंशांच्या आसपास, बुटक्या आसनावरून उठण्यासाठी १०० अंशांहून थोडा अधिक, तर उकिडवे बसण्यासाठी १३० अंशांच्याही पुढे वाकावा लागतो. माझा गुडघा आज ११० अंशांच्या थोडा पुढे जातो. म्हणजे पहिल्या तिन्ही गोष्टी मला जमतात आणि चौथी जमत नाही. हे आकडे समोर ठेवले की कोणते काम परत येईल आणि कोणते येणार नाही, हे आठवड्यांच्या तक्त्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

उन्हाळ्याने मात्र परीक्षा पाहिली. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यात शस्त्रक्रियेचा गुडघा कित्येक महिने हाताला गरम लागतो. ही उष्णता आणि संध्याकाळची सूज बरेच दिवस टिकली तर घाबरून जाऊ नये. हे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चालू शकते. मात्र ताप, वाढती लाली किंवा जखमेतून पाणी येणे ही वेगळी लक्षणे आहेत आणि ती दिसली तर न थांबता डॉक्टरांकडे जावे. वीज सारखी जात असल्यामुळे फ्रीजमधील बर्फावर विसंबता येत नव्हते, म्हणून वीज असेल तेव्हा पाण्याच्या पिशव्या गोठवून थर्मासच्या डब्यात ठेवत होतो. बर्फ नेहमी कापडात गुंडाळून आणि एका वेळी साधारण वीस मिनिटेच लावावा. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर होते, कारण तिथली संवेदना नेणारी बारीक शिर शस्त्रक्रियेत कापली जाते. त्या भागाला थंड-गरम कळत नाही आणि बर्फाने कातडी पोळली तरी लक्षात येत नाही. माझा बधिर भाग लहान झाला आहे, पूर्ण गेलेला नाही, आणि बहुधा जाणारही नाही.

घराची उंची वाढवणे हे खरे काम आहे. स्वच्छतागृहातील भारतीय पद्धतीच्या भांड्यावर लोखंडी कमोड खुर्ची ठेवली. तिची बैठक आपल्या गुडघ्याच्या उंचीइतकी किंवा थोडी अधिक असावी, आणि पायांखालचे रबर दर महिन्याला तपासावे, कारण रबर झिजले की ओल्या फरशीवर खुर्ची सरकते. बाजूच्या भिंतीत गावच्या गवंड्याकडून पाइप पक्का करून घेतला. न्हाणीत स्टूल, आणि बादली दुसऱ्या स्टुलावर. वाकून तांब्या बुडवण्याची गरजच राहू दिली नाही. स्वयंपाकघरात पावशी (विळी) बंद झाली, भाज्या सुरीने टेबलावर चिरल्या जाऊ लागल्या. ओट्यापाशी एका जागी उभे राहिल्याने चालण्यापेक्षा जास्त सूज येते, हे मला अनपेक्षित होते. भाकरी थापताना एक पाय लहानशा पाटावर ठेवला आणि मधूनमधून पाय बदलले की त्रास कमी होतो. वॉकरची गरज थोड्याच आठवड्यांत संपली, म्हणून तो विकत न घेता भाड्याने आणावा. काठी मात्र आपल्या मापाची घ्यावी आणि ती शस्त्रक्रियेच्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. गावातील पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात, त्याने सांध्यावरचा भार हवा तसा कमी होत नाही.

वावरातील कामांचा हिशेब मी उंचीवरूनच केला. निंदण आणि सोयाबीनची सोंगणी ही उकिडवे बसून करायची कामे आहेत. ती माझ्या हातून गेली, असे मी मानून चालते. कापसाची वेचणी मात्र उभ्याने होते, कपाशी कमरेपर्यंत आलेली असते आणि वाकावे लागते ते कमरेतून. दिवाळीच्या आधी सीतादही ही वेचणीआधीची पूजा करून वेचणीला प्रारंभ झाला तेव्हा मी पहिली ओळ स्वतः वेचली. कापूस टाकण्यासाठी कमरेला बांधलेली ओटी भरली की तिचा भार पुढे ओढतो आणि तोल त्या बाजूला जातो, म्हणून मी ती अर्धीच भरू देते आणि धुऱ्यावर जाऊन रिकामी करते. तुरीच्या शेंगा तोडणेही याच प्रकारात मोडते.

पावसाळ्यात मी वावरात जाणे टाळले आणि तो निर्णय योग्यच होता. काळ्या मातीचा चिखल बुटाला चिकटून पाय जड होतो, रुतलेला पाय उपसताना शरीर वळते आणि पाय तिथेच राहतो. गुडघ्याला असा पीळ बसणे सर्वांत वाईट. कोरड्या जमिनीवरही वळताना पाय उचलून लहान लहान पावलांनी वळावे. बाभळीच्या काट्यांसाठी बंद बूट आवश्यक आहेत. पायात काटा मोडून पू झाला, दातात किंवा लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, तर रक्तावाटे जंतू कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचू शकतात; म्हणून अशी जखम घरगुती लेपावर सोडू नये, आणि दाताच्या डॉक्टरांनाही गुडघा बदलल्याचे आधी सांगावे.

एसटीची पहिली पायरी उंच असते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा नियम तिथेही चालतो, फक्त दांडा दोन्ही हातांनी धरता यावा म्हणून हातात पिशवी नसावी. मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसणे मला सुरक्षित वाटत नाही आणि मी ते सोडून दिले आहे; तालुक्याला शेअर ऑटोने जाते.

मांडी घालण्याविषयी शेवटी लिहिणे भागच आहे. काही रुग्णांना ती जमते आणि त्यांचे डॉक्टर परवानगीही देतात. माझ्या डॉक्टरांनी दीर्घकाळ मांडी घालणे व उकिडवे बसणे टाळायला सांगितले आहे, आणि ते मी पाळते. जमिनीवर बसण्याची सवय सोडली असली तरी जमिनीवरून उठण्याचे तंत्र प्रत्येकाने शिकून घ्यावे, कारण पडल्यावर ते उपयोगी येते : आधी कुशीवर वळायचे, चांगला गुडघा टेकवायचा, खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही हात ठेवायचे आणि चांगल्या पायावर जोर देऊन उठायचे. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला आता माझ्यासाठी मागच्या भिंतीशी खुर्ची ठेवली जाते. पहिल्या दिवशी संकोच वाटला होता, आता तिथे आणखी दोन-तीन जणी खुर्चीवर बसू लागल्या आहेत, ज्या इतकी वर्षे दुखत्या गुडघ्यांनी खाली बसत होत्या. पंगतीत मात्र खुर्ची-टेबल मागून घ्यावे लागते, आणि ते न लाजता मागावे. महालक्ष्म्यांच्या पूजेचे खाली बसण्याचे भाग सून करते आणि मी पाटाऐवजी उंच स्टुलावर बसून आरतीत सहभागी होते.

सांध्यातून अधूनमधून टकटक आवाज येतो. तो धातू आणि पॉलिथिलीन एकमेकांना लागल्याचा असतो आणि दुखत नसेल तर त्यात काळजीचे कारण नाही. सांधा किती टिकेल, हेही लोक विचारतात. परदेशांतील मोठ्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. त्या देशांतील वापर आणि आपल्या वावरातील वापर यांत फरक आहे, तरी माझ्या वयाला हे उत्तर पुरेसे आहे.

डावा गुडघाही झिजलेला आहे आणि उजव्यावर भरवसा आल्यापासून त्याचे दुखणे अधिक जाणवते. वर्षपूर्तीच्या तपासणीत दोन्ही गुडघ्यांचे उभ्याने एक्स-रे काढणार आहेत. डाव्याची शस्त्रक्रिया करायची झाली तर तूर घरात आल्यानंतर, उन्हाळ्याच्या आधी करावी, असे आम्ही घरी ठरवले आहे. तोपर्यंत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दोन्ही पायांना सारखेच सुरू आहेत.