शुभार्थी-शुभंकरांचा स्वमदत गट, पुणे : पाचपैकी साडेतीन

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) आहे, लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू आहे. मानसिक आजार असलेल्याला इथे शुभार्थी म्हणतात, त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. भावाची शुभंकर म्हणून मी या गटाच्या बैठकांना जाते. गटाचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारही आहे.

रविवारी सकाळी खुर्च्या गोलात मांडतात. फी नाही, शेवटी चहा. एक शुभार्थी आपली गोष्ट सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्येच "अहो, योगा करा" म्हणणाऱ्याला समन्वयक ताई तिथल्या तिथे गप्प करतात. (आमच्या निम्म्या नातेवाइकांना इथे आणून बसवायला हवं.) आत्महत्येच्या प्रयत्नाचा विषय निघणार असेल तर आधी सांगतात, नको असेल तर उठून जाता येतं.

सगळ्यात उपयोगी पडली ती एका काकांची गोष्ट. त्यांना विचारूनच लिहितेय. मॅनियात, म्हणजे उत्साह बेफाम वाढतो त्या अवस्थेत असताना त्यांनी एका दुपारी चार शिलाई मशिनं उधारीवर आणली. घरात शिवणारं कुणी नाही! पुढे बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडल्या आणि परत अ‍ॅडमिट. आता औषधासाठी ठरलेल्या रक्ततपासण्या, झोपेची वही आणि एटीएम कार्ड काकूंकडे. भाऊ एकदम हसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मी दोन फ्रीज घेतले होते." आमच्या घरात त्या फ्रीजांबद्दल कुणी ब्र काढत नव्हतं. त्यानंतरच्या रक्ततपासणीला तो एकटा गेला, कुणी मागे लागलं नाही.

मग दीड गुण का कापला? एकदा बाहेरचे वक्ते बोलावले होते. इच्छाशक्तीच्या जोरावर गोळ्या कशा फेकून दिल्या ते त्यांनी रंगवून सांगितलं, टाळ्याही पडल्या. त्या रात्री भावाने गोळी घेतली नाही. "म्हणजे मीच कच्चा," म्हणाला. मी ताईंशी चांगलीच भांडले. आता पाहुण्यांशी आधी बोलून घेतात म्हणे.

ताईंनीच मग इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचं संशोधन सांगितलं. मानसिक आजारातून सावरलेल्यांच्या शेकडो गोष्टी लोकांना ऑनलाइन दिल्या होत्या, निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) अनुभव नसलेल्यांचं जगणं वर्षभरात काहीसं सुधारलेलं दिसलं, सायकोसिसमधून गेलेल्यांच्या बाबतीत तसा ठळक फरक दिसला नाही. पटलं मला. आमच्याच खुर्च्यांत शेजारी बसलेल्या दोघांना एकच गोष्ट वेगवेगळी लागते.

जायचं असेल तर त्या रविवारी कोण बोलणार ते आधी फोनवर विचारा. नुकतंच डिस्चार्ज मिळालेल्या माणसाला न्यायच्या आधी डॉक्टरांशी बोला. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. त्यामुळे आईला अजून नेता आलेलं नाही.